नवे तुरुंग बांधले तरी गर्दी का हटत नाही?

देशातल्या तुरुंगांची क्षमता ४ लाख ३६ हजारांची, आत माणसं ५ लाख ७३ हजार. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचा हा ३१ डिसेंबर २०२२ चा आकडा. त्यातले ४ लाख ३४ हजार, म्हणजे शंभरातले ७६ जण कच्चे कैदी. खटला बाकी आहे, शिक्षा झालेलीच नाही.

गर्दी म्हटली की नवी इमारत सुचते. पण तुरुंग हिंडलग्याचा असो, कळंब्याचा की कोलवाळचा, गणित एकच. समजा, रोज १० जण आत येतात आणि सरासरी १०० दिवस राहतात. म्हणजे आत कायम १,००० जण. तेच १५० दिवस राहिले तर १,५००. अटका तेवढ्याच, फक्त मुक्काम लांबला.

मुक्काम लांबतो कसा? कैद्याला कोर्टात न्यायला पोलीस लागतात. ते बंदोबस्तावर गेले की तारीख हुकते, पुढची पडते. तोवर नवे कैदी येतात. तेवढ्याच पोलिसांनी आता जास्त कैदी न्यायचे, म्हणून आणखी तारखा हुकतात. पोलीस, कोर्ट, तुरुंग आपापलं काम करतात. पण एकाकडचा उशीर दुसऱ्याकडे गर्दी होऊन पोचतो.

दुसरी अडचण जामीनदाराची. परराज्यात कामाला गेलेल्याला जामीन मंजूर होतो, पण सातबारा गावाकडं आणि कोर्टाला हवा स्थानिक जामीनदार. १९७८ मध्ये मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश खटल्यात हेच घडलं. एका गरीब गवंड्याकडे १० हजारांचा जामीनदार मागितला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तो नाकारला. सुप्रीम कोर्टाने हे चूक ठरवलं: जामीनदार दुसऱ्या जिल्ह्यातला किंवा राज्यातला आहे, एवढ्याच कारणाने नाकारता येत नाही.

नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ही मुक्कामावरच बोट ठेवतं. आधी कधी शिक्षा झालेली नसेल, तर कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढल्यावर सुटका, इतरांना निम्मा. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून जास्त खटले असलेले यातून वगळलेत.

तुमच्या ओळखीचं कुणी जामीन मिळूनही आत अडकलं असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. कोठडीतल्या माणसाला तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही.