स्किझोफ्रेनिया आणि गांजा : डॉक्टरांपासून लपवली जाणारी गोष्ट

‘मुलगा काही नशा करतो का?’ असा प्रश्न मनोविकारतज्ज्ञाने विचारला, की पुष्कळदा आई-वडील क्षणभर एकमेकांकडे पाहतात आणि ‘नाही’ म्हणतात. स्किझोफ्रेनियासारख्या आजाराची लाज आधीच पुरेशी असते. तिच्यात व्यसनाची भर नको, असे त्यांना वाटते. मग गोळ्यांचे प्रमाण वाढवले जाते, औषध बदलले जाते, तरीही कानात ऐकू येणारे आवाज थांबत नाहीत. पोलिसांनी गांजा पकडल्याच्या बातम्या गोव्यातील वाचकाला नव्या नाहीत. तोच गांजा आजारी माणसाच्या हाती पडल्यावर काय होते, याची बातमी मात्र होत नाही.

स्किझोफ्रेनियाला मराठीत छिन्नमनस्कता असाही शब्द आहे. प्रत्यक्षात नसलेले आवाज ऐकू येणे, कुणीतरी आपल्या मागावर आहे अशी पक्की खात्री वाटणे, विचारांची साखळी तुटणे ही त्याची ठळक लक्षणे. त्याहून कमी दिसणारी आणि घरच्यांना अनेकदा आळस वाटणारी लक्षणे म्हणजे उत्साह आटणे, बोलणे कमी होणे, माणसांतून उठून जाणे. ‘देवराई’ या मराठी चित्रपटातील शेषमुळे हा आजार अनेकांना ओळखीचा झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे २ कोटी ४० लाख लोक, म्हणजे दर ३०० जणांमागे एक जण, या आजारासह जगत आहेत. विविध देशांतील अभ्यास एकत्र पाहिले, तर यांपैकी साधारण चौघांतील एकाला आयुष्यात कधी ना कधी गांजाच्या समस्याजनक सेवनाला तोंड द्यावे लागते. सर्वसामान्य लोकसंख्येच्या तुलनेत हे प्रमाण कितीतरी अधिक आहे.

मेंदूत काय घडते?

भांग, गांजा आणि चरस ही एकाच वनस्पतीची तीन रूपे. भांग पानांची, गांजा फुलोऱ्याच्या शेंड्यांचा, तर चरस म्हणजे तिचा चीक. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजा आणि चरस यांवर बंदी घातली. नुसती पाने मात्र गांजाच्या व्याख्येबाहेर राहिली. नशा आणणारा मुख्य घटक तिन्हींत एकच, टीएचसी. १९६४ मध्ये इस्रायलमधील राफाएल मेशुलाम आणि त्यांच्या सहकाऱ्याने तो वेगळा काढला. पुढे मेंदू स्वतःच तशाच कामाचे एक रसायन तयार करतो, असे आढळले. १९९२ मध्ये त्याला संस्कृतातील ‘आनंद’ या शब्दावरून आनंदामाइड असे नाव मिळाले. हे रसायन मेंदूतील पेशींमधील संदेशांचा वेग गरजेपुरता, क्षणभर आवरते. टीएचसी त्याच कुलपांत शिरते, पण अधिक जोराने आणि अधिक काळ. निरोगी स्वयंसेवकांना नियंत्रित प्रयोगात टीएचसी दिले असता त्यांच्यातही काही काळ संशय, भास आणि विस्कळीत विचार दिसले. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत हा परिणाम अधिक तीव्र होता.

गांजामुळेच आजार होतो का?

हा वाद जुना आहे. वेड्यांच्या इस्पितळांत गांजामुळे गर्दी वाढते, या तक्रारीची चौकशी ब्रिटिश सरकारने १८९३-९४ मध्ये हेंप ड्रग्ज आयोगाकडून करवून घेतली. तपासणीत अनेक नोंदी निष्काळजीपणे केलेल्या निघाल्या. आजाराचे दुसरे कारण सापडले नाही, की रकान्यात ‘गांजा’ लिहिला जाई. मर्यादित सेवनाने मनावर सहसा दुष्परिणाम होत नाहीत, असे आयोगाने म्हटले. अतिसेवनाचा धोका मात्र मान्य केला.

आधुनिक पुरावा अधिक काटेकोर आहे. १९६९-७० मध्ये लष्करी सेवेसाठी दाखल झालेल्या सुमारे ४५ हजार स्वीडिश तरुणांचा १५ वर्षे मागोवा घेण्यात आला. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, ५० हून अधिक वेळा गांजा घेतलेल्यांत स्किझोफ्रेनियाचे प्रमाण न घेणाऱ्यांच्या सहापट आढळले. इतर कारणे हिशेबात घेतल्यावर हा आकडा बराच खाली आला, पण धोका पुसला गेला नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, युरोपातील अनेक शहरांसह ब्राझीलमध्येही झालेल्या अभ्यासात, अधिक टीएचसी असलेला गांजा रोज घेणाऱ्यांत मनोविकृतीची शक्यता जवळजवळ पाचपट दिसली.

तरीही गांजा घेणाऱ्या बहुसंख्यांना हा आजार होत नाही आणि आजार झालेल्या अनेकांनी गांजाला कधी हातही लावलेला नसतो. आनुवंशिक घटक, कोवळ्या वयातील सुरुवात, सेवनाचे प्रमाण आणि मालातील टीएचसीची तीव्रता यांच्या बेरजेतून धोका ठरतो. ज्या घरात हा आजार आधीच आहे, तेथील किशोरवयीन मुलांसाठी गांजा म्हणूनच अधिक घातक. मात्र आजार सुरू झालेल्या घरात ‘तू गांजा ओढलास म्हणून हे झाले’ असा निवाडा देऊन काहीच साधत नाही. एका माणसापुरते ते कारण ठामपणे सांगणे डॉक्टरांनाही शक्य नसते.

आजारात सेवन चालू राहिले तर

या प्रश्नाचे उत्तर अधिक स्पष्ट आहे. मनोविकृतीचा पहिला झटका आल्यावरही गांजा चालू ठेवणाऱ्यांत आजार उलटण्याचे आणि पुन्हा रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचे प्रमाण जास्त असते. सेवन थांबवणाऱ्यांची स्थिती मात्र कधीच न घेणाऱ्यांच्या जवळ येते, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात दिसले आहे. म्हणजे जे घडून गेले ते बदलता आले नाही, तरी पुढचे बदलता येते. यामागचे एक कारण साधे आहे : नशेच्या दिनक्रमात गोळ्या चुकतात.

दुसरे कारण फारसे माहीत नसते. आपल्याकडे गांजा बहुधा तंबाखूत मिसळून ओढला जातो. धुरातील घटकांमुळे यकृतातील एक विकर अधिक जोमाने काम करू लागते आणि ओलांझापिन व क्लोझापिन ही औषधे रक्तातून लवकर निघून जातात. डॉक्टरांनी दिलेली मात्रा कागदावर पुरेशी असते, रक्तात मात्र अपुरी पडते. याउलट, धूम्रपान एकाएकी थांबले, तर तीच मात्रा जास्त ठरून गुंगी आणि इतर दुष्परिणाम वाढू शकतात. म्हणून सेवन चालू आहे हे जसे डॉक्टरांना सांगायला हवे, तसे ते सोडल्याचेही.

मग ते गांजा का घेतात?

रुग्णांनाच विचारले असता, भास शमवण्यासाठी गांजा घेतो असे सांगणारे तुलनेने थोडे निघतात. बरे वाटावे, ताण सुटावा, झोप यावी, कंटाळा जावा आणि चार मित्रांत बसता यावे, ही उत्तरे अधिक वेळा येतात. नोकरी सुटलेली, लग्न मोडलेले, जुने सोबती दुरावलेले अशा तरुणाला नाक्यावरचा एक घोळका काही न विचारता आपल्यात घेतो. तेथे प्रवेशाची किंमत एक झुरका असते. औषधांमुळे आलेले जडत्व थोडे हलके झाल्यासारखेही वाटते. रात्री वाढणारा संशय त्याला त्या झुरक्याशी जोडता येत नाही, कारण आराम लगेच जाणवतो आणि त्रास उशिरा. ‘आजारावर इलाज म्हणून’ ऑनलाइन विकली जाणारी ‘विजया’ची उत्पादनेही या रुग्णांनी स्वतःच्या मनाने घेऊ नयेत, त्यांतील अनेकांत टीएचसी असते.

सोडताना आणि सोडल्यावर

रोजचे सेवन थांबवल्यावर एक-दोन दिवसांत चिडचिड, अस्वस्थता, निद्रानाश आणि भूक मंदावणे सुरू होते. पहिल्या आठवड्यात हा त्रास सर्वाधिक असतो आणि साधारण दोन-तीन आठवड्यांत ओसरतो. घरच्यांना वाटते, आजार पुन्हा उलटला. रुग्णाला वाटते, गांजाच बरा होता. हे दिवस येणार आहेत हे दोघांनाही आधी ठाऊक असले, तर ते निभावणे सोपे जाते. भास किंवा संशय वाढू लागले, तर मात्र वाट न पाहता डॉक्टरांना गाठावे.

गांजाचे व्यसन सोडवणारे कोणतेही मान्यताप्राप्त औषध अद्याप नाही. रुग्णाच्या स्वतःच्या इच्छेला बळ देणारे समुपदेशन आणि सवयीच्या प्रसंगांना तोंड देण्याचे प्रशिक्षण यांचा उपयोग होतो, पण तो सावकाश. ब्रिटनमध्ये गांजा न घेतल्याबद्दल रुग्णांना खरेदीची कुपने देऊन पाहण्यात आले. त्याने आजार उलटणे लांबले नाही. आजार आणि व्यसन यांवर एकाच ठिकाणी, एकाच पथकाने उपचार करणे हितावह मानले जाते. ‘आधी व्यसन सोड, मग ये’ असे सांगितलेला रुग्ण बहुधा परत येत नाही.

कायद्याची भीती

पोलिसांच्या भीतीने अनेक कुटुंबे बोलत नाहीत. डॉक्टरांशी झालेले बोलणे गोपनीय ठेवण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला दिला आहे आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थाही या कायद्याच्या कक्षेत येतात. अल्प प्रमाणातील पदार्थाच्या प्रकरणात अडकलेल्या व्यसनाधीन व्यक्तीने सरकारमान्य ठिकाणी स्वेच्छेने उपचार घेतले, तर खटल्यापासून संरक्षण देणारी तरतूद अमली पदार्थविरोधी कायद्यातच आहे. उपचार अर्धवट सोडले, तर ते काढून घेता येते.

गोव्यात बांबोळी येथील, आयपीएचबी या नावाने परिचित असलेल्या सरकारी मनोरुग्णालयात उपचार मिळतात. टेली-मानसच्या १४४१६ आणि राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतवाहिनीच्या १४४४६ या क्रमांकांवर विनामूल्य सल्ला घेता येतो. पुढच्या भेटीला जाताना घरच्यांनी चार गोष्टी लिहून न्याव्यात : गांजा किती वेळा, कशातून, शेवटचा केव्हा आणि गोळ्या कोणत्या दिवशी चुकल्या. त्या रुग्णाच्या पाठीमागे नव्हे, तर त्याच्याशी बोलून लिहाव्यात. तो कागद पाहून डॉक्टरांना औषधाची मात्रा कदाचित वेगळी ठरवावी लागेल. ‘नाही’ या एका उत्तरावर ती ठरवता येत नाही.