‘सीए-१२५’ वाढले, म्हणजे कॅन्सरच का?

पोट फुगणे, भूक मंदावणे ही तक्रार अनेक घरांत गॅसेसच्या गोळीवर महिनोन्‌महिने निभावली जाते. मग कधीतरी जळगाव किंवा धुळ्यात सोनोग्राफी होते, पोटात पाणी दिसते आणि रक्ताची एक तपासणी लिहून दिली जाते, ‘सीए-१२५’. रिपोर्टवर ३५ पर्यंत नॉर्मल असे छापलेले असते आणि समोर ४०० चा आकडा. घरचे लोक कॅन्सर धरूनच चालतात. मात्र या आकड्याचा अर्थ एवढा सरळ नाही.

सीए-१२५ हे एक प्रथिन. अंडाशयाच्या कॅन्सरच्या पेशी ते रक्तात सोडतात. अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट बास्ट व सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ते ओळखणारे प्रतिपिंड जगापुढे मांडले. पण हे प्रथिन केवळ कॅन्सरच्या पेशी बनवत नाहीत. पोटाच्या आतले पातळ आवरण आणि गर्भाशयाचे अस्तरही ते तयार करतात. त्यामुळे मासिक पाळी, गरोदरपण, गर्भाशयाच्या गाठी, एंडोमेट्रिओसिस, यकृताचे आजार यांतही आकडा चढतो.

आपल्याकडे सर्वांत महत्त्वाचे कारण पोटाचा क्षयरोग. पोटात पाणी, वजनात घट आणि शेकड्यांत गेलेले सीए-१२५, हे चित्र टीबी आणि अंडाशयाचा कॅन्सर या दोन्हींत सारखेच दिसते. कॅन्सर समजून पोट उघडले आणि आत टीबी निघाला, अशा रुग्णांच्या नोंदी भारतीय वैद्यकीय नियतकालिकांत वारंवार आल्या आहेत. टीबी औषधांनी बरा होतो आणि आकडाही खाली येतो. म्हणून पोटातल्या पाण्याची तपासणी आणि गरज पडल्यास दुर्बिणीतून काढलेल्या तुकड्याची बायोप्सी, यांवरच निदान ठरते.

उलट बाजूही तितकीच खरी. अंडाशयाचा कॅन्सर पहिल्या टप्प्यात असताना जवळपास निम्म्या स्त्रियांत सीए-१२५ नॉर्मलच येते. ब्रिटनमध्ये ५० ते ७४ वयाच्या दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर मोठी चाचणी झाली. एका गटाची दरवर्षी सीए-१२५ तपासणी केली गेली. २०२१ मध्ये निष्कर्ष आला, की त्यामुळे मृत्यू कमी झाले नाहीत. काहीही त्रास नसताना ‘फुल बॉडी चेकअप’मध्ये ही तपासणी करून घेण्यात अर्थ नाही, तो यामुळेच.

मग तिचा उपयोग कुठे? डॉक्टर आकडा एकटा वाचत नाहीत, सोनोग्राफी आणि वयाशी जोडून पाहतात. सोनोग्राफीत एकच संशयास्पद खूण असेल तर १ गुण, जास्त असतील तर ३. पाळी सुरू असेल तर १, बंद झाली असेल तर ३. या तिन्हींचा गुणाकार करायचा. समजा सीए-१२५ आहे ६०. पाळी सुरू असलेल्या, एकच खूण असलेल्या बाईचा गुणाकार ६० येतो. पाळी गेलेल्या, अनेक खुणा असलेल्या बाईचा ५४०. गुणाकार २०० च्या वर गेला, की कॅन्सर शस्त्रक्रियेच्या तज्ज्ञाकडे पाठवणे योग्य मानतात. कॅन्सर सिद्ध झाल्यावर केमोथेरपी लागू पडते आहे का, हे पाहायलाही हा आकडा कामी येतो.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची गोष्ट वेगळी. तिथे एचपीव्ही विषाणूची ई-६ आणि ई-७ ही प्रथिने पेशींचे संरक्षक निकामी करतात. हा धोका रक्तात नव्हे, गर्भपिशवीच्या तोंडाशी शोधावा लागतो. आणि तो शोधल्याने जीव वाचतात, हे महाराष्ट्रातच सिद्ध झाले आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांना घेऊन अभ्यास झाला. एकदाच एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात आठ वर्षांत या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. हे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्यामुळे तिशीनंतर गर्भाशयमुखाची तपासणी चुकवू नये. पोट सतत फुगणे, थोडे खाल्ले तरी पोट भरणे, ओटीपोटात दुखणे, वारंवार लघवीला लागणे असा त्रास नव्याने सुरू होऊन दोन-तीन आठवडे टिकला, विशेषतः पन्नाशीनंतर, तर गॅसेसची गोळी बाजूला ठेवून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे आणि सोनोग्राफी करून घ्यावी. सीए-१२५ चा आकडा त्यानंतर, बाकीच्या रिपोर्टसोबत वाचायचा.