जुन्या तबकड्यांसाठीं पूर्ववर्धक कोणता घ्यावा ?

गेल्या श्रावणांत शहापूर येथील एका परिचित कुटुंबाकडे आम्ही दोन दिवस मुक्कामास होतों. बाहेर माहुलीचा डोंगर ढगांत बुडालेला, पावसाची संततधार लागलेली; आणि घरांत तीन पिढ्यांची मंडळी एका लोखंडी पेटीवरून वाद घालीत बसलेली. पंच्याऐंशी वर्षांच्या आजींनीं मुरबाडकडील माहेराहून आणलेल्या, त्यांच्या वडिलांच्या संग्रहांतील साठ-सत्तर तबकड्या त्या पेटींत होत्या. नातवानें मोठ्या हौसेनें तबकडी फिरविण्याचें परदेशी यंत्र, म्हणजे टर्नटेबल, आणि त्याच्या जोडीला तितकाच मोलाचा पूर्ववर्धक, म्हणजे फोनो प्रीअँप्लिफायर, आणला होता. त्या पैशांत घराचें छप्पर नवें झालें असतें, असें वडील मंडळींचें मत ! परंतु बालगंधर्वांची तबकडी लागतांच आजी म्हणाल्या, "अरे, हें त्यांचें गाणें नव्हे. कोणी तोंडावर घोंगडी घेऊन गातो आहे." तबकड्याच झिजल्या, असा निर्णय होऊन पेटी जुन्या बाजारांत देण्याचें ठरत आलें होतें. आजींचे कान दिवसेंदिवस मंद होत चालले आहेत. पेटी एकदां गेली म्हणजे वडिलांच्या ओटीवरचें तें गाणें त्यांच्या कानीं पुन्हा पडणार नव्हतें.

आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या माळ्यावर अशा पेट्या असतील. म्हणून या प्रकरणीं आम्हांस जें उमगलें तें येथें मांडतों.

सुई तबकडीच्या खांचेंतून जातांना जी वीज उत्पन्न होते ती अत्यंत क्षीण असते. तिला बळ देणें हें पूर्ववर्धकाचें पहिलें काम. हलत्या चुंबकाचें कार्ट्रिज सुमारें ५ मिलिव्होल्ट देतें. तें शंभरपट, म्हणजे ४० डेसिबल, वाढविलें कीं अर्धा व्होल्ट होऊन काम भागतें. हलत्या वेटोळ्याचें कार्ट्रिज बहुधा अर्धा मिलिव्होल्ट वा त्याहूनहि कमी देतें. त्यास हजारपट, म्हणजे ६० डेसिबल, वाढ लागते. शिवाय पहिल्यास ४७ हजार ओहमचा विद्युद्भार मानवतो, तर दुसऱ्यास पुष्कळदां शंभर ओहमच्या आसपासचा. शहापूरच्या यंत्राची पाठीमागील कळ आम्हीं पाहिली, तों ती वेटोळ्याच्या बाजूस होती आणि जोडलेलें कार्ट्रिज मात्र चुंबकाचें ! दहापट अधिक वाढीमुळें स्वर फुटत होता. कळ फिरवितांच तें फुटणें थांबलें. आजींची घोंगडी मात्र कायम राहिली.

तिचें कारण पूर्ववर्धकाच्या दुसऱ्या कामांत आहे. तबकडी कोरतांना मंद्र स्वर मुद्दाम दाबतात, नाहीं तर खांच इतकी नागमोडी होईल कीं शेजारच्या खांचेंत शिरेल. आणि तार स्वर मुद्दाम उंचावतात, म्हणजे तबकडीची खरखर त्यांच्याखालीं झांकली जाते. ऐकतांना याच्या उलट क्रिया करून मूळचा तोल परत आणावा लागतो. या तोलाचें आर. आय. ए. ए. नांवाचें प्रमाण १९५४ सालीं अमेरिकेंत ठरलें व पुढें जगभर रूढ झालें. त्यांत सुमारें ५०० आवर्तनांच्या खालीं मंद्र स्वर वाढविले जातात आणि १०,००० आवर्तनांपाशीं तार स्वर १३.७ डेसिबल उतरविले जातात. बाजारांतील बहुतेक पूर्ववर्धकांना, मग किंमत कांहींहि असो, हें एकच प्रमाण ठाऊक असतें. आपल्याकडील लाँग प्ले तबकड्यांस तें योग्यच. परंतु मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या बहुसंख्य तबकड्या त्यापूर्वींच्या. विजेच्या साह्यानें मुद्रित झालेल्या त्या काळच्या अनेक तबकड्यांत मंद्र स्वर दाबण्यास २५० ते ३०० आवर्तनांच्या खालीं आरंभ होई, आणि तार स्वर फारसे उंचावलेले नसत. जें चढविलेंच नाहीं तें उतरविल्यावर गाणें घोंगडीखालीं जाईल, नाहीं तर काय ? १९२५ पूर्वीं कर्ण्यापुढें गाऊन घेतलेल्या मुद्रिकांना तर असें कोणतेंच विद्युत्-प्रमाण नव्हतें. तेथें आपला कान हेंच प्रमाण.

श्रावणांत माहेरीं जाण्याचें निमित्त आजींना होतेंच. तबकड्या जुन्या नऊवारींत गुंडाळून आम्ही किन्हवली-सरळगांवच्या वाटेनें त्यांच्या भाच्याकडे मुरबाड तालुक्यांत गेलों. भाच्याचा पूर्ववर्धक किंमतीनें नातवाच्या यंत्राच्या चतुर्थांशहि नसेल. परंतु मंद्र स्वरांचा आरंभ आणि तार स्वरांची उतरण निरनिराळी बदलण्याच्या दोन कळा त्यावर होत्या. तिसरी कळ 'मोनो'ची. जुन्या तबकडींत गाणें सुईच्या आडव्या हालचालींत असतें. उभ्या हालचालींतून केवळ खरखर येते, आणि ही कळ ती बरीच वगळते. सुई दोन्ही घरीं सारखीच, जुन्या रुंद खांचेस लागणारी, सुमारें तीन हजारांश इंच त्रिज्येच्या टोंकाची होती. म्हणून परीक्षा निःपक्षपातानें झाली. भाच्यानें मंद्राची कळ ३०० वर ठेवली, तार स्वरांची उतरण काढून टाकली आणि तीच तबकडी लावली. आजी क्षणभर स्तब्ध राहिल्या. मग म्हणाल्या, "आतां ऑर्गनहि ऐकूं येतो रे ! बाबा याच खांबाला टेकून बसत. पुन्हा एकदां लाव." तबकड्या झिजल्या नव्हत्या, आम्हीच त्यांना चुकीच्या मापानें मोजीत होतों.

मुरबाडच्या त्या घरीं आणखीहि कांहीं गोष्टी शिकावयास मिळाल्या. ज्या यंत्रांत क्षीण वीज हजारपट वाढते, तेथें घरांतील विजेचा दोषहि तितकाच वाढतो. भिंतींतील तिसऱ्या छिद्रास खरें अर्थिंग नसेल तर ५० आवर्तनांची घुमघुम गाण्याआधीं ऐकूं येते. म्हणून वायरमनकडून तें आधीं तपासून घ्यावें. टर्नटेबलची बारीक भूतार पूर्ववर्धकाच्या स्क्रूस जोडावी, जोडतारा आंखूड असाव्या, आणि दोन्ही यंत्रें ट्रान्सफॉर्मरपासून दूर ठेवावीं. वीज वरचेवर जाते तेथें इन्व्हर्टर असतो. तो शुद्ध साइन लहरीचा नसेल तर त्याची गुणगुण कर्ण्यांतून येऊं शकते. सह्याद्रीच्या पायथ्याशीं चार महिने हवा दमट असते. जोडांवर गंज आणि तबकड्यांवर बुरशी चढते. तबकड्या उभ्या ठेवून दर पंधरवड्यानें पाहाव्या. व्हाल्व्हचे पूर्ववर्धक कित्येकांस गोड वाटतात, पण व्हाल्व्ह कालांतरानें बदलावे लागतात. दुरुस्ती करणारा जवळ नसेल तर ट्रान्झिस्टरचा बरा.

सारांश, खरेदीस निघण्यापूर्वीं पेटी उघडावी. तबकड्या ७८ च्या किती व लाँग प्ले किती, त्या साधारण कोणत्या काळच्या, आणि आपलें कार्ट्रिज कोणत्या जातीचें, हें कागदावर लिहून घ्यावें. तबकड्यांच्या इतिहासाची जिज्ञासा असणाऱ्यांसाठीं मुंबईंत १९९० सालीं 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था स्थापन झाली, व तिच्या नियतकालिकांतून पुष्कळ माहिती प्रसिद्ध झालेली आहे. मग घरांतील वीज पाहावी. किंमत सर्वांत शेवटीं. दुकानदाराकडे आपलीच एक तबकडी घेऊन जावें, आणि शक्य असेल तर ज्यांनीं तें गाणें पूर्वीं ऐकलें आहे असें एखादें वडील माणूसहि.

शहापूरच्या नातवानें महाग यंत्र लाँग प्लेसाठीं ठेवलें आणि जुन्या तबकड्यांसाठीं भाच्यासारखाच साधा पूर्ववर्धक घेतला. पेटी आतां आजींच्या खोलींत आहे. छपराचें काम पुढील वर्षावर गेलें. आजींनीं त्यास हरकत घेतली नाहीं.