वाईत मुक्काम, बेत काहीच नाही

या उन्हाळ्यापुरती वाईत खोली घेतली आहे. पहिला आठवडा गॅस, पाणी आणि बरा डबा शोधण्यात गेला. आता रोज ऊन उतरलं की पाय नेतील तिकडे!

पाय बहुतेक वेळा कृष्णेकडेच वळतात. घाटावर ढोल्या गणपतीचं देऊळ आहे, गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलेलं. बहुतेक जण पुढून दर्शन घेऊन निघतात. तुम्ही मात्र वळसा घालून मागे जाच. मागची भिंत माशासारखी निमुळती आहे, म्हणजे पुराचं पाणी त्या टोकाशी दुभंगतं आणि दोन्ही बाजूंनी निघून जातं. काय डोकं लावलंय! मी तिथे अर्धा तास नुसता बघत बसलो.

एकदा असाच चालत मेणवलीला पोचलो, जेमतेम तीन किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा, चंद्रकोरीसारखा घाट, आणि घाटावरच्या छोट्या देवळात टांगलेली भलीमोठी घंटा. तिच्यावर चक्क बाळ येशूला घेतलेली मेरी आहे! १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई जिंकली, तेव्हा मराठ्यांनी आणलेल्या घंटांपैकी ही एक मानतात. ‘स्वदेस’चं बरंच चित्रीकरणही याच गावातलं.

आणि हो, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली मराठी विश्वकोश घडला तोही वाईतच.

उद्या बहुधा पसरणी, शाहीर साबळ्यांचं जन्मगाव. नाहीतर जी एसटी आधी लागेल ती.