पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल?

“मुलं झाली ना? मग पिशवीचं काम संपलं. ठेवली तर कॅन्सर होईल.” बीडच्या ऊसतोड बायकांना दवाखान्यात असं सांगितलं गेल्याच्या बातम्या 2019 साली राज्यभर गाजल्या. असली वाक्यं टिकतात, कारण ती निव्वळ खोटी नसतात. पिशवीला कॅन्सर होऊ शकतो, हे खरंच आहे. खोट आहे ती ‘होईल’ या शब्दात.

बाई दवाखान्यात येते ती बहुधा अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं म्हणून. थोडं पांढरं जाणं नैसर्गिकच. खाज किंवा दुर्गंधी असेल तर बहुतेक वेळा जंतुसंसर्ग असतो आणि तो औषधाने बरा होतो. मग सोनोग्राफी होते आणि ‘सूज आहे’ असं कानावर पडतं. सुजेची गाठ होते, गाठीचा कॅन्सर. आणि हे सगळं दवाखान्याच्या बाकावरच होतं.

आपल्याकडे जास्त आढळतो तो गर्भाशयमुखाचा, म्हणजे पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर. तो पांढऱ्यातून होत नाही. त्याच्यामागे जवळजवळ नेहमी ह्यूमन पॅपिलोमा नावाचा विषाणू असतो. शरीरसंबंधातून तो येतो आणि बहुतेकींच्या शरीरातून वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. काहीजणींत मात्र तो मुक्काम ठोकतो आणि तिथल्या पेशी बदलू लागतात. या सगळ्याचा कॅन्सर व्हायला साधारण 10 ते 20 वर्षं जातात. एवढ्या सवडीत तपासणी झाली, तर बदललेला भाग तेवढाच गोठवून किंवा शेकून नष्ट करता येतो. पिशवी जागच्या जागी राहते.

याचा पुरावा बीडच्या शेजारीच मिळाला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात 1999 पासून 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायकांचा अभ्यास झाला. बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचं टाटा मेमोरियल त्यात होते. निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या अनेक गटांपैकी एका गटातल्या सुमारे 34,000 बायकांना विषाणूची चाचणी एकदाच देऊ केली, गरज पडली तिथे उपचार केले. दुसऱ्या एका गटातल्या सुमारे 31,500 जणी नेहमीच्याच सोयींवर राहिल्या. आठ वर्षांत पहिल्या गटात या कॅन्सरने 34 मृत्यू झाले, दुसऱ्यात 64.

आता त्या दुसऱ्या गटाकडे जरा थांबून पाहा. तिथे त्या आठ वर्षांत हा कॅन्सर झाला 118 जणींना. हजारात चौघींनाही नाही. ‘होईल’ची खरी किंमत एवढी.

उलट पिशवीबरोबर बीजकोशही काढले, तर तिशीतल्या बाईची पाळी तर जातेच, शिवाय अंगातून वाफा येतात, हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. बीजकोश ठेवले तरी ते काहीजणींत लवकर थकतात. मोठ्या गाठी, कशानेच न थांबणारा रक्तस्राव, अंग बाहेर येणं, प्रत्यक्ष कॅन्सर, अशा वेळी ऑपरेशन लागू शकतं; त्याला विरोध नाही. आणि संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसलं, तर मात्र तपासायला उशीर करू नये.

बातम्याही तितक्याच सावधपणे वाचाव्यात. काही मथळे असे होते, की बीड जिल्ह्यातल्या निम्म्या बायकांना पिशवीच उरली नाही असं वाटावं. सरकारी पाहणीत 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे सुमारे 17 टक्के. 2015-16 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांत हे प्रमाण 3 टक्क्यांच्या आसपास होतं. वयोगट नेमके जुळत नाहीत, म्हणून ‘पाचपट’ असं मी लिहिणार नाही. पण एवढी दरी नुसत्या वयाने पडलेली वाटत नाही.

ती केवळ कॅन्सरच्या भीतीनेही पडलेली नाही. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीची एक जोडी. एक दिवस चुकला की मजूर आणणारा मुकादम खाडा धरतो आणि पैसे कापतो. उसाच्या फडात पाणी नाही, आडोसा नाही. पाळीची कटकट गेली की खाडा वाचेल, हा हिशेब कित्येकींनी स्वतःच केलेला असतो. ऑपरेशनसाठी मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मात्र त्या हिशेबात धरलेली नसते.