हात न लावता वाजणारे वाद्य

वाद्य म्हटले की आम्हां कामगारांत वावरणाऱ्यांना आधी हात आठवतात. सतारीच्या तारेने बोटाला घट्टे पडतात, पेटीचा भाता ओढावा लागतो, पखवाजाला थाप मारावी लागते. या हातांचा वाद्याला स्पर्शही न होता स्वर निघावा, हे गारुड्याच्या खेळासारखे वाटेल. पण १९२० साली पेट्रोग्राडमध्ये ते घडले. लेव्ह थेरेमिन हा पदार्थवैज्ञानिक वायूंचे गुणधर्म मोजणारे यंत्र करीत होता. हात जवळ नेला की यंत्राचा आवाज बदलतो, हे त्याच्या ध्यानात आले. तो सेलोही वाजवीत असे, म्हणूनच त्या आवाजात त्याला वाद्य दिसले.

यंत्रातील किमया अशी. आत दोन विद्युत्‌कंपने चालू असतात. समजा, दोन्ही सेकंदाला १,७०,००० आहेत. इतकी जलद कंपने कानाला ऐकू येत नाहीत. दांडीजवळ हात नेला की हात व दांडी मिळून विद्युत् साठविणारी जोडी बनते व एक कंपन मंदावून १,६९,५६० होते. दोहोंतील फरक ४४०, आणि तोच स्वर आपण ऐकतो. दुसरा हात आवाज लहानमोठा करतो.

१९२९ साली अमेरिकेत आर. सी. ए. कंपनीने हे वाद्य बाजारात आणले. ज्याला गुणगुणता येते त्याला ते वाजविता येईल, असा डांगोरा पिटला गेला. त्याच सुमारास बोलपटांनी चित्रपटगृहांतील वादकांची भाकरी काढून घेतली होती (आपल्याकडे ‘आलम आरा’ १९३१ साली आला), तेव्हा असल्या डांगोऱ्याने वादकांच्या पोटात गोळा उठला असेल तर नवल नाही. प्रत्यक्षात जेमतेम पाचशे वाद्ये तयार झाली. हवेत ना पडदा, ना पट्टी. बोट केसभर हलले की स्वर ढळतो. हाताच्या दुखण्याने व्हायोलिन सोडावे लागलेल्या क्लारा रॉकमोर यांनी बोटांची स्वतंत्र पद्धत बसविली, तेव्हा कोठे त्यातून खरे संगीत निघाले. कसब नको म्हणणाऱ्या यंत्राने सर्वांत अधिक कसब मागितले, याची आम्हांला गंमत वाटते.

आज हेच वाद्य संगणकात रचता येते. कॅमेरा हात पाहतो, आज्ञावली त्यावरील एकवीस बिंदू ओळखते. हाताची उंची स्वर ठरविते, अंगठा व तर्जनी यांतील अंतर आवाज ठरविते. पण साधा कॅमेरा सेकंदाला तीस चित्रे घेतो, म्हणजे दोन चित्रांत सुमारे ३३ सहस्रांश सेकंद जातात. त्यावर हिशेबाचा वेळ निराळाच. द्रुत लयीत तेवढे मागे पडणे खटकते. शिवाय हात थरथरला तर स्वर थरथरतो, म्हणून रचणारा हालचाल गुळगुळीत करून घेतो. त्याने विलंब आणखी वाढतो.

खरी मेख पुढेच आहे. नवशिक्याला सोपे जावे म्हणून स्वर जवळच्या पट्टीवर आपोआप बसविण्याची सोय करतात. बेसूर टळतो खरा, पण मींडही जाते. ही सोय किती असावी हे रचणाऱ्याने परस्पर ठरवून टाकू नये. कमीजास्त करण्याची कळ वादकाच्या हाती द्यावी. आणि शिकणाऱ्याने ती बंद करून, तंबोरा लावून बसावे. हवेतला षड्ज कोठे आहे हे कानाखेरीज कोणी सांगू शकत नाही.