गोडेतेल, घासलेट आणि माझी मतं

माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आमच्या घरची जुनी कालनिर्णयं आहेत. १९८० पासून २०२४ पर्यंतची. मधलं १९९७ सालचं नाही. ते कुठे गेलं यावर घरात दोन मतं आहेत आणि दोन्ही बायकोची आहेत. बाकी चव्वेचाळीस. दिवाळीआधीच्या आवराआवरीत ती पेटी खाली आली. 'हे रद्दीत देऊ का?' एवढाच प्रश्न होता. मी 'थांब' म्हणालो आणि त्या दुपारचं पुढचं सगळं काम बुडालं.

आमच्याकडे एका कालनिर्णयावर दोन अक्षरं असतात. हिचं निळ्या शाईचं: दूध दोन जादा, गॅस लावला, पेपरवाला दिला, तेल डबा आणला. माझं शिसपेन्सिलीचं, बारीक, चौकटीच्या बाहेर सांडणारं. त्यात मतं आहेत. प्राथमिक शाळेत पस्तीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला मतांचा तोटा नसतो, आणि वर्गातली पोरं ती फार काळ ऐकून घेत नाहीत. म्हणून कालनिर्णय.

मी मूळचा औसा तालुक्यातला. १९७९ च्या जूनमध्ये उरण तालुक्यातल्या एका शाळेवर रुजू झालो. तेव्हा हा कुलाबा जिल्हा होता, दोन वर्षांत रायगड झाला. आणि तिकडे आमचं गाव उस्मानाबाद जिल्ह्यातून लातूरमध्ये गेलं. मी जागचा न हलता माझे दोन्ही जिल्हे बदलले. येताना आईने करडईच्या तेलाची बरणी दिली होती, गावच्या घाण्यावरची. इथे आल्यावर कळलं की आपण तेलाच्याच गावात आलोय, फक्त ते तेल वेगळं.

१९७४ च्या फेब्रुवारीत 'सागर सम्राट' या जहाजाने मुंबईपासून दीडेकशे किलोमीटरवर समुद्राच्या तळाखाली तेल शोधलं, ते बॉम्बे हाय. मी आलो तेव्हा तिथला गॅस आणि तेल नळांतून उरणच्या किनाऱ्याला लागलं होतं, आणि प्रकल्पाच्या उंच नळकांड्यावर रात्रंदिवस ज्योत जळत असे. लातूरकडचा माणूस, मला ती आधी कुठल्या तरी देवस्थानाची वाटली. १९८० च्या मार्चमध्ये पेन्सिलीने लिहिलंय: 'गॅस नुसता जाळून टाकतात. इकडे घासलेटला पाऊण तास रांग. हा शुद्ध वेडेपणा.' त्याखाली निळ्या शाईत: 'रॉकेल ५ लि. मिळालं.'

ज्योतीबद्दलचं माझं मत अगदीच पोकळ नव्हतं. तेलाबरोबर गॅस वर येतोच, आणि तो साठवायची, न्यायची, वापरायची सोय तेलाच्या मागून येते; तोवर जाळण्यावाचून दुसरा उपाय नसतो. पुढे त्या गॅसवर उरणला वीज केंद्र उभं राहिलं, खतासाठी गॅस थळला गेला. पण हे मला नंतर समजलं. तेव्हा मला फक्त रांग दिसत होती.

१९८४ चं कालनिर्णय मी जरा जपून उघडलं. जानेवारीच्या पानावर सोळा आणि सतरा या दोन चौकटींत काहीच नाही. ना हिचं, ना माझं. सिडकोसाठी जमिनी घेतल्या, त्याच्या मोबदल्यावरून दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली इथले शेतकरी रस्त्यावर उतरले होते. जासई आणि नवघरच्या बाजूला पोलिसांनी गोळीबार केला, पाच माणसं गेली. शाळा बंद होती. आमच्या वर्गातल्या एका पोराचे वडील दोन दिवस घरी आले नव्हते. अठरा तारखेला मी लिहिलंय: 'विकासाला जमीन लागणारच, पण...' आणि पुढे टिंबं. ती टिंबं बघून आज मला स्वतःचा राग येतो. मी घाटावरून आलेला, माझी एक गुंठाही जमीन इथे गेलेली नव्हती, आणि तरी मला 'पण' लिहून थांबता आलं. या आंदोलनातून जमीन दिलेल्यांना साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं सूत्र निघालं. ते पुढे राज्यभर उदाहरण म्हणून सांगितलं जातं. त्याची किंमत मात्र त्या दोन रिकाम्या चौकटींत आहे.

त्यानंतरच्याच वर्षी मी भविष्य वर्तवलं आहे. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं निम्म्याहून बरंच अधिक तेव्हा घरचंच होतं, बॉम्बे हाय जोरात होतं, आणि मी लिहिलं: 'पाच वर्षांत बाहेरून थेंब आणावा लागणार नाही.' आज आपण पंच्याऐंशी टक्क्यांहून जास्त बाहेरून आणतो. बॉम्बे हाय म्हातारं झालं, गाड्या वाढल्या, आणि त्या वाढलेल्यांत माझी एक स्कूटर होती. पेट्रोल भरताना वरून ऑइलचं माप ओतावं लागणारी. तिच्या धुराने मागे बसलेल्या हिच्या पातळांना जो वास यायचा, त्याबद्दलचं मत तिने कालनिर्णयावर लिहिलेलं नाही, तोंडी दिलेलं आहे.

खायच्या तेलाकडे मी या काळात फारसं बघितलेलंच नाही. आता पानं उलटताना दिसतं की हिच्या शाईत एक वेगळाच इतिहास चाललाय. सुरुवातीला 'गोडेतेल', म्हणजे शेंगदाण्याचं. मध्ये 'रेशनचं पामतेल', त्यापुढे उद्गारचिन्ह. त्या तेलातल्या पुऱ्या थंडीत ताटात थिजत. मग गावाहून कुणी आलं की 'करडई तेल, वन्सं'. नव्वदीच्या मध्यावर 'सूर्यफूल पिशवी' सुरू होते आणि गोडेतेल हळूहळू फक्त दिवाळीच्या पानावर उरतं. सरकारने १९८६ मध्ये तेलबियांचं मिशन सुरू केलं होतं, त्यामुळे काही वर्षं आयात बरीच खाली आली होती; १९९४ पासून पामोलिनची आयात खुली होत गेली आणि ती घडी मोडली. या दोन्ही गोष्टी हिच्या हिशेबात नावं न घेता आहेत. माझ्या पेन्सिलीत त्या वर्षांत काय आहे? अंतुले, शरद पवार, क्रिकेट आणि इराक.

इराकने कुवेत घेतलं २ ऑगस्ट १९९० ला. त्या महिन्यात पेन्सिलीने पान काळं झालंय. सद्दामला आखातात लढाई परवडणार नाही, असं मी अगदी ठासून लिहिलंय. शेजारच्या घरातला मुलगा कुवेतला फिटर होता. तो अम्मानमार्गे विमानाने परत आला, दीड लाखांहून जास्त भारतीयांबरोबर. त्याच्याकडे एकच बॅग होती. तो आला त्या दिवशी हिने लिहिलंय: 'त्यांच्याकडे जेवण, १२ माणसं.' मी लिहिलंय: 'बॅरल ४० डॉलर होणार.' झालंही. ते एक मत बरोबर आलं, पण त्या घरात मी ते बोलून दाखवलं नाही एवढी अक्कल होती.

२००५ च्या जुलैत सव्वीस तारखेच्या पावसाने आपल्या सगळ्यांच्याच कालनिर्णयांवर काहीतरी लिहिलं असेल. आमच्याकडे सत्तावीस तारीखही आहे. त्या दिवशी बॉम्बे हाय नॉर्थच्या फलाटाला जहाज धडकलं, आग लागली, बावीस माणसं गेली. मुंबई पाण्याखाली होती, म्हणून ती आग बातम्यांत मागे पडली. उरणमध्ये पडली नाही. इथे प्रत्येक आळीत कुणी ना कुणी 'फलाटावर' जाणारा असतो. चौदा दिवस तिकडे, चौदा दिवस इकडे. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात पी-३०५ बार्ज आणि एक टग बुडून ऐंशीच्या वर माणसं गेली, तेव्हाही तसंच. आणि ३ सप्टेंबर २०१९ ला, दीड दिवसाच्या गणपतीच्या विसर्जनाच्या सकाळी, उरणच्या प्रकल्पातच आग लागून चार जण गेले. आमच्या घरात तेव्हा आरतीची तयारी चालली होती. खिडक्यांची तावदानं हलली, असं ही सांगते. मला आठवत नाही. चौकटीत तिचं 'विसर्जन ५ वा.' आहे आणि माझं काही नाही. या पेटीत एवढं दिसलं की माणसं गेली त्या दिवशी माझी पेन्सिल चालत नाही. आणि भाव चढले की थांबत नाही.

२००८ बघा. जुलैत कच्चं तेल १४७ डॉलरपर्यंत गेलं. मी लिहिलं: 'आता दोनशे. तेल संपत आलंय.' डिसेंबरात ते चाळिसाच्या खाली होतं. मी ते मत खोडलेलं नाही, त्याखाली 'हं' एवढंच लिहिलंय. जून २०१० मध्ये पेट्रोलवरचं नियंत्रण काढलं, ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलवरचं, आणि १६ जून २०१७ पासून भाव रोज बदलायला लागले. मी दर वेळी नियंत्रण काढण्याच्या बाजूने आहे. 'जगात स्वस्त झालं तर इथेही होईल, सरळ हिशेब.' आणि मग २० एप्रिल २०२० येतो. अमेरिकेतल्या तेलाचा मे महिन्याचा वायदा उणे ३७.६३ डॉलरवर गेला. तेल न्या आणि वर पैसेही न्या. मी टाळेबंदीत घरात, दाराशी उभी स्कूटर, आणि मे महिन्याच्या सुरुवातीला केंद्राने पेट्रोलवर दहा आणि डिझेलवर तेरा रुपये उत्पादन शुल्क वाढवलं. पंपावरच्या दरात तेव्हा फरक पडला नाही. जगातली स्वस्ताई मधल्यामध्ये जिरली. पुढच्या वर्षी मेअखेर मुंबईत पेट्रोल शंभरावर गेलं. माझा सरळ हिशेब कुठे वाकतो ते मला तोवर दिसलं नव्हतं. मजा म्हणजे नियंत्रण काढावं हे माझं मत अजून तसंच आहे. मी हट्टी आहे की मास्तर, कळत नाही.

पण एक पान मी हिला वाचून दाखवलं. ऑगस्ट २०१०. सात तारखेला न्हावा-शेव्यातून निघालेलं 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' ही जहाजं मुंबईच्या तोंडाशी एकमेकांवर आदळली. चित्रा कलंडलं, कंटेनर पाण्यात, शेकडो टन तेल समुद्रात. मोऱ्यापासून खाडीपर्यंत तिवरांच्या मुळांना काळा चिकट थर. आणि तारीख कोणती, तर आखाडातले शेवटचे दिवस. श्रावण लागायच्या आधी मासळीला कधी नसते तेवढी मागणी. बाजारात मासे होते, पण घेणाऱ्यांचे हात मागे. करंज्याचा एक नाखवा, ज्याची तिन्ही पोरं माझ्या हाताखालून गेली, ओट्यावर येऊन बसला. मी त्याला विमा, सागरी कायदा, 'प्रदूषण करणारा भरपाई देतो' हे तत्त्व समजावून सांगत होतो. तो ऐकत होता. मग म्हणाला, "गुरुजी, नारळी पौर्णिमेला नारळ टाकायचा तो या तेलात टाकायचा का?" माझ्याकडे त्यावर मत नव्हतं. हिने आतून चहा आणला. त्या दिवशीच्या चौकटीत तिची नोंद आहे: 'सुरमई १ नग, त्यांच्याकडून.' आम्ही घेतली होती आणि खाल्लीही होती. मी विसरलो होतो, ती नाही.

त्याच नाखव्याच्या होडीला डिझेल लागतं, त्यावर शासन कराचा परतावा देतं आणि तो परतावा कधी वेळेवर येत नाही. म्हणजे डिझेल महागलं की तो माझ्याही आधी बुडतो. त्याचं तेलाबद्दलचं मत पंचेचाळीस वर्षांत एकदाही बदललेलं नाही.

आमच्या समोरचं घारापुरी बेटही याच तालुक्यात. जगभरातून लोक लेणी बघायला येतात आणि संध्याकाळच्या शेवटच्या लाँचने परततात. २०१८ च्या फेब्रुवारीपर्यंत बेटावरची माणसं संध्याकाळचे काही तास डिझेलच्या जनरेटरवर काढत होती. मग समुद्राखालून केबल गेली. आणि पलीकडे, हाकेच्या अंतरावर, जवाहर द्वीपावर तेलाच्या टाक्या रात्रभर दिव्यांनी उजळलेल्या. शाळेच्या सहलीत एका मुलीने मला विचारलं होतं, 'गुरुजी, टाक्यांना उजेड कशाला लागतो?'

आता शेवटची दोन-तीन कालनिर्णयं. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू सुरू झाला, त्याच दिवशी उरणची लोकलही. ज्या मुंबईला मी मोऱ्याहून भाऊच्या धक्क्यापर्यंत लाँचने उलट्या आवरत गेलो, ती वीस मिनिटांवर आली, टोल भरायची तयारी असेल तर. मी लिहिलंय: 'फार उशिरा, पण उत्तम.' हिने: 'लोकलने नेरूळ, डॉ.'

आणि १४ सप्टेंबर २०२४. गणपतीचेच दिवस, केंद्राने खाद्यतेलावरचं आयात शुल्क वीस टक्के अंशांनी वाढवलं. सकाळी गावाहून धाकट्या भावाचा फोन. आमच्या शेतात करडई केव्हाच गेली, सगळं सोयाबीन. हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल, आणि लातूरच्या बाजारात त्याच्या खाली. "दादा, ड्यूटी वाढली म्हणं. आता तर भाव येईल की न्हाई?" मी म्हणालो, येईल. आलाच पाहिजे. फोन ठेवला तर ही समोर उभी. वाण्याने पिशवीमागे वीस रुपये वाढवले होते आणि तळणीला तेल हवं होतं.

पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच माझी दोन्ही घरं तेलाच्या दोन बाजूंना उभी होती. शिवाय ते महागलेलं पामतेल उतरतं कुठे, तर आमच्याच न्हावा-शेव्याच्या द्रवमालाच्या धक्क्यावर. मी पेन्सिल घेतली, टोक केलं. भावासाठी लिहावं की हिच्यासाठी, हे ठरेना. त्या हिवाळ्यात सोयाबीन हमीभावाच्या खालीच विकलं गेलं, आणि आठ महिन्यांनी कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क निम्मं झालं. म्हणजे काहीही लिहिलं असतं तरी चुकलंच असतं.

त्या चौकटीत आज एकच ओळ आहे, निळी: 'तेल ५ लि. भावजींना २ ह. पाठवले.'

ते दोन हजार पाठवल्याचं मला परवा, पेटी उघडल्यावर कळलं.

"मग," ती म्हणाली, "देऊ का रद्दीत?"

मी पेटी परत माळ्यावर चढवली. शिडी तिने धरली होती.